नावे आणि जमा

आमच्या घरात इतिहास शिरला तो मोबाइलमधून, आणि तोही एका रविवारी रात्री साडेदहा वाजता. मी दुसऱ्या दिवशीच्या सोमवाराच्या चिंतेत पडून होतो. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाचा सोमवार रविवारी दुपारच्या जेवणानंतरच सुरू होतो. शेजारी आमची ही मोबाइलवर बोट फिरवत होती. पूर्वी या वेळेला लोक रामरक्षा म्हणत. हल्ली खरेदी करतात. एकाएकी ती म्हणाली, "अहो, हे बघा. आपलं घंगाळ!"

मी ताडकन उठून बसलो. घंगाळ माळ्यावर होतं. त्यात दिवाळीचा आकाशकंदील आणि माझी कमरेला न होणारी तीन पँटी अशी मौल्यवान चीजवस्तू होती. ते चोरीला जाऊन विक्रीला लागलं की काय? पण नाही. पडद्यावर एक दुसरंच घंगाळ होतं, तांब्याचं, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं. त्यात आंघोळीच्या पाण्याऐवजी एक रुंद पानांचं झाड उभं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'व्हिंटेज-इन्स्पायर्ड हॅन्डमेड कॉपर प्लान्टर'. किंमत चौदा हजार नऊशे रुपये.

"आपल्या आजेसासूबाई यात आंघोळ करायच्या," ही म्हणाली. चौदा हजार नऊशेच्या वस्तूत आंघोळ करणारी बाई आपल्या घराण्यात होऊन गेली, हे तिला त्या रात्री प्रथमच कळलं. आजीबद्दलचा तिचा आदर एकदम वाढला.

दुसऱ्या दिवशी कन्येकडून मी या प्रकरणाची रीतसर माहिती घेतली.

"व्हिंटेज म्हणजे काय गं?"

"जुनं."

"आणि इन्स्पायर्ड?"

"म्हणजे नवं."

"मग व्हिंटेज-इन्स्पायर्ड?"

"नवं, पण जुन्यासारखं. बाबा, तुम्हाला नाही कळायचं."

मला लगेच कळलं. बँकेत आम्ही थकलेल्या कर्जाचं नूतनीकरण करतो तेव्हा कर्ज जुनंच असतं, कागद नवा असतो. इथे वस्तू नवी आणि कागद जुना, एवढाच फरक.

कन्येने आणखी ज्ञान दिलं. हाताने केलेल्या वस्तू आणि जुन्या वस्तू विकण्यासाठी एट्सी नावाचा एक मोठा बाजार २००५ साली अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात संगणकावर सुरू झाला, आणि मग तशी दुकानं जगभर निघाली. त्या बाजारात वीस वर्षांपेक्षा जुनी वस्तू असेल तर तिला 'व्हिंटेज' म्हणायची परवानगी आहे. मी मनात हिशेब केला. आमचं लग्न २००४ सालचं. माझी बँकेतली खुर्ची त्याच्याही आधीची. म्हणजे घरी आणि दारी मी नियमाने व्हिंटेज होतो. फक्त चौदा हजार नऊशेला कुणी विचारत नव्हतं.

असो. घंगाळ परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून हिने त्याच दुकानातून एक तांब्या मागवला. 'हातोड्याने घडवलेला पारंपरिक लोटा', किंमत अठराशे पन्नास. सोबत फोटो होता. फोटोत दोन सुरकुतलेले हात, हातात हातोडी, मागे अंधार. हात कुणाचे, ते लिहिलेलं नव्हतं. हातांच्या वर जिथे माणसाचं तोंड असायला हवं, तिथे फोटो संपला होता.

तांब्या आला तो थाटात. खाकी कागद, सुतळी, वाळलेल्या फुलांची काडी आणि एक जाडसर कार्ड. कार्डावर इंग्रजीत मजकूर होता की ही वस्तू एका कुशल कारागिराने प्रेमाने घडवली आहे. मी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. बँकेतल्या माणसाला कुठलाही कागद दिला की तो आधी सही शोधतो. सही नव्हती. प्रेम कुणाचं, याचा कुठेच पत्ता नव्हता.

तीन आठवड्यांनी तांब्याच्या बुडाला गंज आला. आता तांबं हिरवं पडतं, काळं पडतं, पण त्याला लाल गंज येत नाही, एवढं विज्ञान कॉमर्सच्या पदवीधरालाही येतं. मी फ्रिजवरचा लोहचुंबक काढला. आमच्या फ्रिजवर अष्टविनायक आहेत; हाताला ओझरचा विघ्नेश्वर लागला. तो तांब्याच्या पोटाला टच्च चिकटला. आत लोखंड, वरून तांब्याचा मुलामा! विघ्नेश्वर विघ्न दूर करतो असं ऐकलं होतं. इथे त्याने ते दाखवून दिलं. विकणाऱ्याला लिहिलं, तर 'आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे' असं उत्तर आलं. तक्रार मोलाची होती, तांब्या नव्हता.

पण न्यायाने सांगायचं तर दुसरी बाजूही आहे. त्याच महिन्यात कन्येने मोबाइलवरूनच एका होतकरू चित्रकर्तीकडून लिनोवर कोरून छापलेलं छोटं चित्र मागवलं. किंमत साडेचारशे. चित्राखाली पेन्सिलीने '७/४०' असं लिहिलेलं आणि पुढे तिची सही. कन्या म्हणाली, चाळीस प्रती काढल्या, त्यातली ही सातवी. मला ती पद्धत फार आवडली. अनुक्रमांक आहे, एकूण संख्या आहे, सही आहे; व्हाउचर असावं तर असं. पाकिटात चिठ्ठी होती : 'ही माझी पहिलीच मालिका आहे. चित्र आवडलं तर कळवा.' कन्येने कळवलं. त्या मुलीने कळवल्याबद्दल आभार कळवले. आता दोघी एकमेकींना चित्रं पाठवतात.

एकाच मोबाइलमधून एक लबाडी आली आणि एक सचोटी आली. दोन्हींमध्ये फरक काय, याचा मी बरेच दिवस विचार केला आणि शेवटी मला सापडला तो एवढाच : एकीवर नाव होतं, दुसरीवर नव्हतं.

या विचाराने मी माळ्यावरचं घंगाळ खाली काढलं.

या घंगाळाला इतिहास आहे, आणि तो आमच्या खडकवासल्याशी बांधलेला आहे. आजीचं लग्न १९५१ सालचं. लग्नात तिला बंब, घंगाळ, दोन पिंपं, परात आणि तपेली मिळाली. संसार शनिवार पेठेतल्या वाड्यात, नदीच्या बाजूला. १२ जुलै १९६१ च्या सकाळी आंबी नदीवरचं पानशेतचं नवं धरण फुटलं, आणि ते पाणी पोटात न मावून दुपारपर्यंत मुठेवरचं खडकवासल्याचं जुनं धरणही फुटलं. नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. माझे वडील तेव्हा आठ वर्षांचे. आजी त्यांचा दंड धरून पर्वतीच्या बाजूला पळाली. मागे बंब पेटलेला होता. तो विझवावा की नाही, असा विचार क्षणभर मनात आला होता, हे ती पुढे हसत सांगायची. नदीने तो विझवला.

पाणी ओसरल्यावर चिखलातून भांडी निघू लागली. कुणाची परात कुणाच्या न्हाणीत, कुणाचं पिंप कुणाच्या जिन्याखाली. आता ओळखायचं कसं? पण आपल्या लोकांनी त्याची तजवीज आधीच करून ठेवलेली होती. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं! लोक चिखल पुसून एकमेकांना वाचून दाखवत होते. आजीचं घंगाळ असंच तिसऱ्या गल्लीत सापडलं. एका बाजूला हाताएवढा पोचा पडला होता, पण काठाखाली टिंबाटिंबांची अक्षरं शाबूत होती : 'चि. सौ. कां.' आणि पुढे आजीचं नाव, 'हिस विवाहप्रीत्यर्थ मामांकडून सप्रेम भेट, ता. ५-५-५१'. सबंध संसारातलं तेवढंच परत आलं. आजी म्हणायची, "मामांनी भेट दिली दोनदा. एकदा लग्नात, एकदा पुरात."

पुढे नशिबाची गंमत अशी की, मला परवडेल असा फ्लॅट मिळाला तो खडकवासल्यात. ज्या धरणाने आजीचा संसार नेला, त्याच्याच उशाशी आम्ही कर्ज काढून संसार मांडला. धरण पुन्हा बांधलेलं आहे, भक्कम आहे. रविवारी संध्याकाळी त्याच्या काठाला भाजलेली कणसं आणि कांदाभजी खायला अख्खं पुणं लोटतं, तेव्हा पूर आल्यासारखाच वाटतो. फक्त तो उलट्या दिशेने, शहराकडून धरणाकडे येतो. मूळचं धरण १८७९ च्या सुमाराचं, दगडी. त्याच्या जलाशयाला नाव दिलं 'लेक फाइफ', फाइफ नावाच्या इंग्रज इंजिनिअर अधिकाऱ्यावरून. दगड घडवणाऱ्या पाथरवटांपैकी एकाचंही नाव कुठल्या तळ्याला दिलेलं नाही.

तर मी घंगाळ चिंचेने घासलं, चष्मा लावला आणि ते अक्षर न् अक्षर तपासलं. देणाऱ्याचं नातं आहे. घेणारीचं नाव आहे. निमित्त आहे. तारीख आहे. बँकेच्या दृष्टीने हा जवळजवळ परिपूर्ण दस्तऐवज आहे. फक्त ज्याने ते घंगाळ घडवलं, त्याचं नाव नाही.

मग मला नादच लागला. सासरवाडीची परात पाहिली, शेजाऱ्यांची कळशी पाहिली, देवळातली घंटा पाहिली. सगळीकडे अर्पण करणाऱ्यांची नावं. एका समईवर तर सप्रेम भेट देणाऱ्या कचेरीतल्या अकरा सहकाऱ्यांची नावं होती, पण समई करणारा बारावा माणूस नव्हता. आपल्याकडे बायका उखाण्यात नाव घेतात, शेजारी नावं ठेवतात, भांडीवाला नाव घालून देतो. एवढी नावांची हौस असलेल्या समाजात हातोडी मारणारा तेवढा बिननावाचा राहिला.

देशी जमाखर्चात दोन शब्द आहेत : नावे आणि जमा. ज्याने काही घेतलं, त्याच्या नावे लिहायचं. ज्याने काही दिलं, त्याचं जमा करायचं. भांड्याचा हिशेब या रीतीने मांडून पाहा. भांडं आजीला मिळालं, तिच्या नावे पडलं. मामांनी पैसे दिले, ते त्यांच्या खाती जमा झाले. आणि ज्याने आठ दिवस हात दिला, त्याचं जमा कुठे केलं? बँकेत पैसे आले आणि कुणाचे ते कळलं नाही, तर आम्ही ते सस्पेन्स खात्यात टाकतो. तिथे ते पडून राहतात. तीनशे वर्षांची कारागिरी आपण सस्पेन्समध्ये टाकून ठेवलेली आहे आणि वर दरसाल ताळेबंद जुळला म्हणून पेढे वाटतो.

यावर तुम्ही म्हणाल, नाव नसलं म्हणून काय बिघडलं? वस्तू तर चांगली होती! हाच प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर आमच्या बंबाने दिलं.

पुरात आजीचा बंब गेला, तेव्हा आजोबांनी दुसरा घेतला होता. मी सहा-सात वर्षांचा असताना घरी गॅसचा गीझर आला आणि तो बंब मोडीत निघाला. मला आठवतं, दुकानदाराने तो तराजूत टाकला, वजन केलं आणि तांब्याच्या भावाने पैसे हातावर ठेवले. मोडीत घडणावळ धरत नाहीत. म्हणजे तांब्याला किंमत मिळाली आणि हाताला शून्य. पितळी डब्यांचं तेच झालं. कल्हईवाला भाता, कथील आणि नवसागर घेऊन यायचा बंद झाला. स्टीलला कल्हई लागत नाही, चिंच लागत नाही. जुन्या साड्या दिल्या की बोहारीण स्टीलचं पातेलं देऊन जायची. घंगाळाच्या जागी प्लास्टिकची बादली आली. यात गृहिणीचा दोष मुळीच नाही. ज्यांनी राखेने हात सोलवटून भांडी घासली, त्यांना स्टील हे स्वातंत्र्यच वाटलं असणार. पण वस्तू गेली तेव्हा तिच्याबरोबर आपण एका माणसाचं काम बंद करतो आहोत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. कारण तो माणूस कुणाला माहीतच नव्हता. ओळखीच्या माणसाला निदान बातमी तरी देतो आपण.

आता इतिहास. आमच्या खिडकीबाहेर उंबर आहे. त्यावर रोज सकाळी एक चिमुकला हिरवा पक्षी बसून 'टुक, टुक, टुक' करतो. त्याचं नाव तांबट. तांबट पत्र्यावर हातोडी मारतो तसा त्याचा आवाज, म्हणून ते नाव. ज्याने त्याचं बारसं केलं त्याच्या कानात खऱ्या तांबटाची हातोडी रोजची असणार. माझ्या कन्येने पक्षी आधी ऐकला, माणूस कधीच ऐकला नव्हता.

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून तांबट मंडळी येऊन इथे वसली, त्यांनी नाणी, शस्त्रं, भांडी घडवली, असं आळीत सांगतात. १८१८ साली पेशवाई गेली. पण राज्य बुडालं म्हणून पुणेकरांची आंघोळ थांबली नाही, त्यामुळे बंब आणि घंगाळं चालू राहिली. इंग्रजांनी १८८५ साली पुणे जिल्ह्याचं जाडजूड गॅझेटियर छापलं, त्यात तांबट जातीचं वर्णन आहे आणि शहराच्या उद्योगांत तांब्या-पितळेच्या भांड्यांना मानाची जागा आहे. विलायतेहून तयार पत्रा येऊ लागला, तोही आळीने पचवला. पचला नाही तो स्टीलचा.

पुण्यातच एका माणसाने मात्र या बिननावाच्या वस्तूंसाठी जन्म घातला. दिनकर गंगाधर केळकर. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली : दिवे, अडकित्ते, दौती, भांडी. लोक अडगळ म्हणून टाकत होते ते हे दारोदार फिरून घेत होते. अकाली गेलेल्या एकुलत्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय केलं आणि १९७५ साली तो हजारो वस्तूंचा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. हे गृहस्थ कविताही लिहीत आणि त्यासाठी त्यांनी घेतलेलं टोपणनाव होतं 'अज्ञातवासी'. त्या संग्रहालयातल्या अडकित्त्यांपुढे उभं राहिलं की वाटतं, हे नाव एकट्या केळकरांचं नव्हे; काचेआडच्या सगळ्या कारागिरांचं मिळून ते एकच आडनाव आहे.

नाव माहीत असलं की काय होतं, त्याचाही दाखला आहे. सावंतवाडीला गंजिफा रंगवत. हाताने रंगवलेले, लाखेचा हात दिलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफांचा डाव एकशेवीस पानांचा, दहा अवतारांची बारा-बारा पानं. छापील चौकोनी पत्ते आले आणि हे मागे पडले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं, तेव्हा ती जाणणारे पुंडलिक चितारी म्हणून एक वृद्ध कलावंत गावात होते. नाव माहीत होतं, म्हणून निरोप पाठवता आला. त्यांच्याकडून ती विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू झालं. ते आजही चालतं. तेव्हा नाव ही केवळ मानाची गोष्ट नाही. नाव म्हणजे पत्ता. नाव नसेल तर गरज पडल्यावर दार कुणाचं ठोठावणार?

आणि नाव पुसलं की काय होतं तेही आपण पाहिलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तसल्याच चपला मांडल्या आणि त्यांना नुसतं 'चामड्याच्या सँडल' म्हटलं. इकडे ओरडा झाला, तेव्हा प्रेरणा भारतीय चपलेची होती हे कंपनीने कबूल केलं. बातमी वाचून मीही संतापलो होतो. मग पायातल्या कोल्हापुरीकडे पाहिलं. ती कुणी शिवली, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? प्राडाने गावाचं नाव गाळलं; मी माणसाचं गाळलं होतं, आणि वर वीस रुपये कमी करून घेतले होते.

एवढं मनाला लागल्यावर दुसऱ्या शनिवारी, म्हणजे बँकेच्या सुट्टीला, आम्ही उभयता घंगाळ घेऊन तांबट आळीत जायला निघालो. खडकवासल्याहून स्वारगेटपर्यंत घंगाळ माझ्या मांडीवर होतं. कंडक्टरने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तिकिटं दोनच फाडली. ही म्हणाली, "चौदा हजार नऊशेचं आहे, सांभाळून धरा."

आळी आता पूर्वीसारखी दणाणत नाही. काम करणारी थोडकी घरं उरली आहेत. पण इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या पुणे शाखेने आणि काही डिझायनर मंडळींनी गेल्या वीसेक वर्षांत इथल्या कारागिरांबरोबर बसून नव्या घाटाच्या वस्तू करवून घेतल्या आहेत, त्यामुळे बंब गेले तरी दिव्याच्या छत्र्या आणि ताटल्या निघतात. एका दारातून हातोडीचा आवाज येत होता. आत साठी उलटलेले एक गृहस्थ पायांत लोखंडी खोड धरून तांब्यावर ठोके मारत होते. मी आधी आमचा तो विघ्नेश्वर-प्रसिद्ध तांब्या पुढे केला. त्यांनी हातात घेऊन नुसता तोलला आणि परत दिला. लोहचुंबक मागितलासुद्धा नाही.

"साहेब, हे ठोके बघा. सगळे एकसारखे. साच्यात दाबलेत. माणसाला एकसारखं मारता येत नाही."

त्यांनी सांगितलं की, या ठोक्यांना माठार म्हणतात आणि ते नुसते शोभेसाठी नसतात. तांब्याचा पत्रा तापवला की मऊ पडतो. भांडं आकाराला आलं, सांधा झाळला, आंबट पाण्यात धुऊन स्वच्छ केलं, की शेवटी थंड पत्र्यावर शेजारी शेजारी ठोके घालायचे. त्याने पत्रा कडक होतो. भांडं टिकतं ते त्या ठोक्यांवर. चकाकी ही वरकड मिळकत.

मग मी घंगाळ पुढे केलं. ते पाहताच काकांनी हातातली हातोडी खाली ठेवली. घंगाळ उजेडाकडे फिरवलं, अंगठा ठोक्यांवरून हळूहळू नेला आणि म्हणाले, "हे डावखुऱ्या माणसाचं काम आहे."

"कशावरून?"

"ठोका कुठल्या अंगाला कलतो ते बघा ना. माझा असा पडतो. याचा उलटा पडलाय सगळा."

मी वाकून पाहिलं, आणि वाचकहो, माझ्या अंगावर काटा आला. बावीस वर्षं मी काउंटरमागे बसून सह्या जुळवतो. सही खरी की खोटी हे अक्षरावरून कळत नाही; हात कुठे दाबला, कुठे उचलला, कुठल्या बाजूला कलला यावरून कळतं. इथे काठापासून बुडापर्यंत एका माणसाने शेकडो वेळा सही केलेली होती आणि मी आजवर मामांचं नाव तेवढं वाचत बसलो होतो.

"कोण असतील हो हे?" मी विचारलं.

"एक्कावन्न सालचं म्हणता? माझा जन्म नव्हता." त्यांनी घंगाळ पुन्हा फिरवलं. "आळीत डावखुरे असून असून किती असणार? वडिलांनी बघताक्षणी नाव सांगितलं असतं. त्यांना जाऊन दहा वर्षं झाली. तुम्ही उशिरा आलात."

दुकानात मिनिटभर कुणीच बोललं नाही. मग काका व्यवहारावर आले. "हा पोचा काढून देऊ?"

"नको," ही माझ्याआधी म्हणाली. "तो आमच्या खडकवासल्याचा आहे."

आम्ही एक नवा तांब्या सांगितला. काकांनी तांब्याचं वजन आणि त्यावर मजुरी असा हिशेब करून किंमत सांगितली. मी सवयीने म्हणालो, "काही कमी नाही का होणार?" हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथेच गप्प झालो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मोबाइलवर अठराशे पन्नास मुकाट्याने दिलेत. तिथे कुणाशी घासाघीस केली होती?" खरं होतं. न दिसणाऱ्या माणसाला आपण सांगेल ती किंमत देतो आणि समोर हातोडी घेऊन बसलेल्याकडून वीस रुपये सोडवून घेतो.

पंधरा दिवसांनी तांब्या न्यायला गेलो. काका म्हणाले, "कोपऱ्यावर पोरगा बसतो मशीन घेऊन, नाव घालून घ्या. काय घालायचं?"

"तुमचं घाला," मी म्हणालो.

काका आधी हसले, मग मी गंभीर आहे हे पाहून जास्तच हसले. "अहो साहेब, भांड्यावर माझं नाव घातलं तर लोक म्हणतील, यांनी माझ्या घरचं भांडं चोरून आणलं!"

हा मुद्दा बिनतोड होता. आपल्याकडे भांड्यावर नाव ते मालकाचं. करणाऱ्याने घातलं तर घेणारा चोर ठरतो. इतक्या वर्षांचा सस्पेन्स असा एका वाक्यात उलगडला. पण मीही बँकेतला. सहीशिवाय कागद घेत नाही, तांब्या कसा घेणार? मी बसूनच राहिलो. शेवटी बऱ्याच आढेवेढ्यांनंतर काकांनी तांब्या उलटा केला, एक पोगर घेतला आणि बुडाला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, टिंबाटिंबांनी आपलं नाव घातलं. मग लाजून म्हणाले, "आजवर पहिल्यांदाच!"

ते नाव इथे छापायला मी त्यांची परवानगी मागितलेली नाही. तांब्यावर घालायलाच एवढी मिनतवारी करावी लागली. पण कुणाला तांब्या करून घ्यायचा असेल तर खडकवासल्याला या, उलटा करून दाखवीन. येताना रविवार टाळा, नाहीतर कणसं खाऊन परत जावं लागेल.

घरी आल्यावर मी डायरीत या व्यवहाराची नोंद केली. तांब्या माझ्या नावे टाकला आणि जमेच्या बाजूला काकांचं संपूर्ण नाव लिहिलं. त्याखाली 'घंगाळ, १९५१' असं लिहून पुढे नुसतं 'डावखुरा' लिहिलं. तेवढी एक रक्कम सस्पेन्समध्ये राहिली, ती आता कायमची.

नवा तांब्या रोज रात्री घासून पालथा घालतात, तेव्हा ते नाव वर येतं. बँकेत 'बुडाला' हा शब्द ऐकला की आमच्या पोटात गोळा येतो. पण आमच्या घरात आता एक नाव असं आहे, जे बुडाला आहे आणि तरीही बुडालेलं नाही.